चुनखडीचा काठ

चुना आता किराणा दुकानात पिशवीत मिळतो, म्हणून पुष्कळांना वाटतं की तो कारखान्यात होतो. माझ्या नातसुनेलाही तसंच वाटत होतं. तिला म्हटलं, बाई, चुना नदीच्या काठात असतो. तो खणायचा, धुवायचा, फोडायचा, भाजायचा, विझवायचा आणि दगडी चाकाच्या घाणीत मळायचा. यातलं प्रत्येक काम मी या हातांनी केलं आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. लिहायला वेळ लागतो, पण काय लिहायचं ते शोधत बसावं लागत नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पिंपरीकडे कारखान्यांची बांधकामं निघाली होती. चिखली तेव्हा शेतांचं गाव होतं आणि आमची शेती नावापुरती. गावाखाली इंद्रायणीच्या काठाला चुन्याची भट्टी होती. लग्न होऊन आले आणि सासूबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातात पाटी दिली. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. बाकीच्या बायका नुसतं आत्या म्हणायच्या आणि घाबरायच्या.

नदीचा काठ उभा कापला की आत काय दिसतं ते सांगते. वर हातभर काळी माती. तिच्याखाली पिवळसर गाळ, पुरुषभर उंचीचा. त्या गाळात पांढऱ्या गाठी असतात, काही सुपारीएवढ्या, काही आल्याच्या कुड्यांसारख्या वेड्यावाकड्या. ही चुनखडी. गाळाच्या खाली गोटे आणि वाळू, पण सुटी नाही. चुन्यानं एकमेकांना अशी चिकटलेली की कुदळ मारली तर कुदळच उडते. चिक्कीत गूळ जसा शेंगदाणे धरून ठेवतो तसं. सगळ्यात चांगला चुना या खालच्या थराजवळ सापडतो, म्हणून खड्डा तिथपर्यंत न्यावा लागतो.

चुनखडी आहे की साधा खडा, हे डोळ्यांना फसवतं. आत्याबाई खडा पदराला पुसून जिभेला लावायच्या. जिभेला चिकटला तर पाटीत, नाही चिकटला तर नदीत. मला पहिल्या दिवशी किळस आली.

"आत्याबाई, हे काय खायचं हाय का?"

"खायचं न्हाई. इचारायचं. तोंड उघड."

महिनाभरानं मला जीभ लावावी लागेना, बोटांना कळायला लागलं. पण बोटंही लवकरच गेली. चुन्यानं कातडीला भेगा पडायच्या आणि त्यात करंजाचं तेल भरून आम्ही भाकरी थापायचो.

खडी आणि कोळसा यांचे थर भट्टीत एकावर एक भरायचे आणि पेटवायचं. भाजलेल्या खडीवर पाणी मारलं की ती फसफसून फुटते आणि तिची भुकटी होते. मग घाणी. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला रेडा. चुना आणि वाळू त्यात मळून निघायची ती लोण्यासारखी. तळेगावचे एक म्हातारे गृहस्थ घर बांधायला निघाले होते. त्यांना आमच्या नुसत्या चुन्यावर विश्वास नव्हता. बैलगाडीतून गूळ आणि हिरडा घेऊन आले, घाणीत घालायला. गूळ बायका खातील म्हणून दिवसभर घाणीपाशी छत्री घेऊन बसले.

आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, भिंतीला मुंग्या लागल्या तर आमाला बोलवा. गोडाधोडाला आमी नाही म्हणत न्हाई."

पुढच्या वर्षी ते परत आले ते तक्रार घेऊनच. म्हणे भिंत एवढी घट्ट झाली की देवाची तसबीर लावायला खिळा जात नाही. आत्याबाईंनी ती तक्रार सगळ्या बायांना पुन्हा पुन्हा ऐकवली. आमच्या कामाला मिळालेली शाबासकी म्हणाल तर ती एवढीच.

आता यमुनेचं सांगते, कारण मला लिहायचं आहे ते तिचंच.

यमुना बीडकडची. तिचा नवरा किसन भट्टी पेटवायचं काम करायचा. दिवाळीनंतर दोघं यायची, ज्येष्ठात भट्टी बंद झाली की गावी परत. पहिल्या वर्षी ती तान्हं मूल घेऊन आली होती. खोदकाम चालू असताना ते लुगड्याच्या झोळीत बाभळीला टांगलेलं असायचं. झोका सगळ्याच बाया द्यायच्या, जी जवळून जाईल ती. ज्येष्ठात, गावी जायच्या तोंडावर, त्याला ताप आला आणि गेलं. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. किसन आणि माझे मालक, दोघं त्याला घेऊन गेले. आमच्यात बायका जात नाहीत आणि आईला जागाही दाखवत नाहीत. दाखवली तर तिचा पाय तिथून निघत नाही म्हणतात. यमुनेनं विचारलं नाही. दोन दिवसांनी बोचकं बांधून ती गावी गेली.

दिवाळीनंतर दोघं परत आली. झोळी नव्हती, बाभळ तिथंच होती. यमुना आमच्यात सगळ्यात पुढं खोदायची, आता तर थांबायचीच नाही. चूल मांडताना एकदा कुरकुरली होती, "निम्मा फुटका का होईना, पाटा होता मपला. त्यो बी कुठं गेला कोण जाणे." किसन म्हणाला, "गेला आसंल पुरात." आणि उठून गेला.

त्या वर्षी हरीबा नावाचा नवा मुकादम आला होता. त्यानं काठावर दोऱ्या मारून खड्ड्याची जागा आखून दिली. खोदाई मोजायची पद्धत अशी की खड्डा खणताना मध्ये मध्ये मूळ जमिनीचा एकेक खांब न खणता उभा सोडायचा. वरच्या गवतासकट. म्हणजे जमीन आधी कुठवर होती आणि आता किती खोल गेली हे मुकादमाला खांब पाहून कळतं. मापं झाली की खांबही पाडायचे.

माघात आम्ही वरची माती काढत होतो. गेल्या पुरानं काठावर वीतभर नवा गाळ आणून टाकला होता. तो निघाला आणि माझी कुदळ सपाट दगडावर वाजली. गोटा असता तर वेगळा वाजला असता. हातानं माती सारली. दगडाला टाकीचे घाव होते, वाटण वाटायच्या पाट्याला असतात तसे. आणि एका बाजूनं तो फुटका होता.

मला कळायला वेळ लागला नाही. पुरलं की वर दगड आणि बाभळीचे काटे ठेवतात, कुत्री येऊ नयेत म्हणून. किसननं घरातला पाटा उचलून नेला होता. काटे पुरानं नेले, खूण गाळाखाली गेली, आणि हरीबाला तर काहीच माहीत नव्हतं.

यमुना माझ्यापासून चार हातांवर खणत होती. मी दगडावर परत माती ओढली आणि आत्याबाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. कुदळ घेऊन आल्या आणि त्या जागेभोवती रेघ मारली. पाळणा मावेल एवढी मोठी.

"मापाचा खांब हितं सोडायचा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "हितलं एक ढेकूळ बी कुणी हलवायचं न्हाई."

यमुनेनं वर पाहिलं. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती पुन्हा खणायला लागली.

घरी आल्यावर मी मालकांना विचारलं, "तुमाला ठाव होतं, तर मुकादमाला का न्हाई सांगितलं?"

"असल्या गोष्टी सांगत फिरायच्या असत्यात व्हय? मला वाटलं खड्डा वरच्या अंगाला जाईल."

"आन् किसननं?"

"त्यो तर भट्टीचं तोंड सोडून हिकडं बघतबी न्हाई."

म्हणजे ज्यांना माहीत होतं ते खणत नव्हते, आणि ज्या खणत होतो त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खड्डा खाली जात राहिला. बाकीचे खांब हातभर रुंद, आणि मधोमध हा एवढा मोठा. हरीबा आला की त्याकडे बोट करायचा.

"आत्या, ह्यो खांब हाय का चावडी?"

"तुजं डोकं मोठं, त्याला दिसावं म्हणून मोठा ठिवलाय."

"माप झालं की पाडायचा बरं का. खालची सगळी चांगली खडी त्याच्याच बुडात हाय."

"माप तर हू दे."

आत्याबाई माप होईपर्यंतचं बोलत होत्या. मापानंतर काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "सुंदरा, आजचा दिस गेला का? गेला. मग गप."

फाल्गुनात पुण्याहून एक मास्तर आले. कॉलेजात दगडांबद्दल शिकवायचे. आम्ही त्यांना दगडवाले मास्तर म्हणायचो. ते आधीही एकदोनदा येऊन गेले होते. सायकल, डोक्यावर टोपी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत खडे. त्यांच्याकडे पाहून बाया हसायच्या, कारण तेही खडा जिभेला लावायचे. आत्याबाईंना तेवढ्यावरून ते आवडायचे.

त्या दिवशी ते खड्ड्यात उतरले आणि मोठ्या खांबासमोर उभे राहिले. एवढा आनंद मी दगडापाशी कुणाला झालेला पाहिला नाही.

"अहो, हे बघा! सगळे थर एकाखाली एक! बायांनो, इकडे या. तुम्ही रोज खणता ते काय आहे ते सांगतो."

ऊन चढलं होतं, भाकरीची वेळ झाली होती. आम्ही भाकरी हातात घेऊनच उभ्या राहिलो. मास्तर खालून सुरू झाले. वर डोंगरात काळा दगड असतो, तो उन्हापावसानं झिजतो. नदी त्याचे तुकडे घेऊन येते. तिचा जोर कमी झाला की आधी जड टाकते, म्हणून गोटे खाली. मग वाळू. पाणी अगदी संथ झालं की शेवटी गाळ. पुढच्या पुराचा गाळ त्यावर बसतो, त्याच्या वजनानं खालचा दबतो, कण जवळ जवळ येतात.

"पण नुसतं दाबून दगड होत नाही," ते म्हणाले. "विहिरीचं पाणी तापवता ना, त्या हंड्याच्या बुडाला काय बसतं?"

"पांढरं पुट," मी म्हटलं. "चिंचेनं घासलं तरी जात न्हाई."

"तो चुना! पाण्यात विरघळलेला असतो, दिसत नाही. ते पाणी या गाळातून मुरतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. एका कणाला धरतो, मग दुसऱ्याला. मधल्या फटी भरत जातात. तुमच्या गाठी तशाच झाल्या, आणि हे खालचे गोटेही तसेच चिकटले. सुट्टं होतं, त्याचा दगड झाला."

यमुना मागे उभी होती. ती बोलली म्हणून आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं.

"मास्तर, कव्हा झालं हे?"

"फार जुनं आहे बाई. हजारो वर्षांचं काम. अजूनही चाललंय."

"मंग वरची ही नवी माती, ती बी धरल?"

"धरेल की. राहिली तर धरेल." मास्तरांनी खांबावर हात ठेवला. ते सहज बोलून गेले, त्यांना काय माहीत. "हा खांब मात्र राहायचा नाही. चारी बाजूंनी मोकळा केलाय तुम्ही. वरचा गाळ कच्चा आहे. पहिल्याच पुराला पाणी बुडात शिरेल आणि सगळा नदीत जाईल."

आत्याबाईंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. आम्ही वाचवायला म्हणून तो खांब ठेवला होता. काठात होतं तोवर ते लेकरू निदान काठाचं होतं. आम्हीच त्याला काठापासून तोडून पाण्याच्या वाटेत एकटं उभं केलं होतं. खोदणाऱ्या बायांना खोदणं सोडून दुसरं सुचलं नाही, म्हणून हे झालं.

यमुना पुढं आली.

"त्यात मपलं लेकरू हाय," ती म्हणाली.

मग ती आत्याबाईंकडे वळली.

"मला कामून लपिवता, आत्या? पाट्याचा कोपरा मला बी दिसला व्हता. सुंदराबाईनं माती वढली, तव्हाच. तुम्ही खांब सोडला, म्हणून म्या गप ऱ्हायले."

मास्तरांनी टोपी काढली आणि ते तिथंच खड्ड्यात मातीवर बसले. म्हणाले, "बाई, मी असं बोलायला नको होतं."

"खरं बोललात ना? मंग झालं." यमुनेचा आवाज कोरडा होता. "आता सांगा, नदीला कसं अडवायचं?"

"नदी अडत नाही. काठ परत भरायचा. नदीनं भरला होता तसाच."

"तिला हजार वर्सं लागली म्हंता."

"तिच्याकडे माती ठोकायला धुम्मस नव्हती," मास्तर म्हणाले. "आणि भाजलेला चुना नव्हता. तुमच्याकडे दोन्ही आहे."

हरीबा वर काठावर उभा राहून ऐकत होता हे तेव्हा आमच्या लक्षात आलं. तो खाली उतरला, खांबाला वळसा घालून आला, आणि पहिल्यांदाच आत्याबाईंशी वाकडं न बोलता बोलला.

"मला आधी सांगायचं न्हाई व्हय, आत्या?"

"तू नवा. तुज्या पोटात काय हाय मला काय ठाव?"

"खालची खडी सोडायची म्हंजे ठेकेदार मला इचारणार." थोडा वेळ तो पायानं माती उकरत राहिला. "कामाच्या येळंत भरायचं न्हाई. दुपारच्याला मी जेवाया जातो. जेवून झोपतो. माझी झोप लई गाढ हाय. विझलेल्या चुन्याचा चाळून उरलेला चाळ भट्टीमागं पडलाय, त्यो आसाबी फेकायचाच हाय."

दुसऱ्या दुपारपासून आम्ही काठ भरायला घेतला. खड्ड्यातून काढून टाकलेली माती तिथंच ढिगात होती, चाळलेली. पण आत्याबाईंनी ती नुसती ओतू दिली नाही. ओतलेली माती पोकळ बसते. खाली गोटे, त्यांच्या फटीत जाड वाळू, त्यावर गाळ, मास्तरांनी सांगितलेल्या क्रमानं. दर थराला चुन्याचा चाळ, वर पाण्याची घागर, मग धुम्मस. धुम्मस म्हणजे जड लाकडाचा ठोकळा, दोघींनी दोन्हीकडून धरून उचलायचा आणि आदळायचा. थर वाळला की दुसरा. एकावेळी जास्त करता येत नव्हतं, घाईनं केलेलं नदी ओळखते असं आत्याबाई म्हणायच्या.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी किसन भट्टीकडून आला. त्यानं यमुनेकडे पाहिलं नाही, यमुनेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिच्या समोरच्या बाईच्या हातून त्यानं धुम्मसची कड घेतली. दोघं मिळून ती उचलून टाकत राहिली. बाकीच्या आम्ही पाणी आणायच्या निमित्तानं नदीकडे गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ घागरी घासत बसलो.

काठ भरून झाला. आत्याबाईंनी वर हरळीची मुळं लावली. ज्येष्ठात भट्टी बंद झाली आणि यमुना गावी निघाली. जाताना म्हणाली, "पूर आला की बगून ये, सुंदराबाई. कसं बी असलं तरी खरं सांग."

त्या वर्षी पाऊस मोठा होता. नदीनं भट्टीच्या भिंतीपर्यंत हात घातला. पाणी उतरल्यावर मी आणि आत्याबाई गेलो. खणलेल्या बाकीच्या जागी काठ ढासळून पडला होता. पलीकडची बाभळ मुळासकट गेली होती. आमचा भराव एका अंगानं हातभर खचला होता, पण उभा होता. त्याच्यावर नवा गाळ बसला होता, चिकट आणि तुळतुळीत. आत्याबाईंनी त्यात बोट खुपसलं, बाहेर काढून पाहिलं, आणि लुगड्याला पुसलं.

त्या भट्ट्या पुढं फार वर्षं चालल्या नाहीत. सिमेंटच्या गोण्या यायला लागल्या. सिमेंट एका रात्रीत धरतं, चुन्याला सवड लागते, आणि पिंपरीच्या बांधकामांना सवड नव्हती. मला त्याचं फार दुःख झालं म्हणाल तर नाही. हात बरे झाले. पण चुनखडी ओळखणाऱ्या बाया गेल्या, आणि ते कुणी विचारतही नाही, याचं वाईट वाटतं. पण हे नंतरचं.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर यमुना आली. रात्रीच्या गाडीनं निघालेली, चिंचवड स्टेशनावर उतरून चालत, डोक्यावर बोचकं. किसन मागं राहिला होता, ओळखीचं कुणी भेटलं म्हणून. ती झोपडीकडे गेली नाही, सरळ काठाकडे आली. आम्ही नुकतं काम सुरू केलं होतं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिनं हात केला. भरावावर चढली. टाचेनं जमीन दाबून पाहिली, एकदा इकडं, एकदा तिकडं. मग दोन्ही पायांवर सगळं वजन टाकून उभी राहिली.

"बसलीया चांगली," म्हणाली.

तिनं बोचकं खाली ठेवलं, त्यावर डोकं टेकलं आणि हरळीवर आडवी झाली. आम्हाला वाटलं पाठ टेकली असेल. जवळ जाऊन पाहिलं तर गाढ झोपली होती. हात पालथा, जमिनीवर पसरलेला.

हरीबा आला आणि त्यानं कामाला लागा म्हणून ओरडायला तोंड उघडलं. आत्याबाईंनी त्याला बोटानं गप केलं. त्यानं पाहिलं आणि स्वतःच चपला काढून हातात घेऊन परत गेला.

त्या सकाळी आम्ही कुदळी बाजूला ठेवल्या. कुदळीचा आवाज लांब जातो. नदीत उतरून नुसती खडी वेचली, आणि पाटीत टाकताना ती वाजू नये म्हणून एकेक खडा हातानं खाली ठेवला.